शेततळ्याचा सांडवा कसा निवडावा?

स्मरणिका म्हणजे आठवणींचा ठेवा. तथापि, ती घराघरांत वर्षानुवर्षे जपली जाते हे लक्षात घेता, तिच्यात पुढे कधीतरी उपयोगी पडेल असा एखादा व्यावहारिक विषयही असावा, असे आम्हांस वाटते. आपल्या निवासी विद्यालयात शिकून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांची घरे आजही कोरडवाहू शेतीवर उभी आहेत. भोकरदन तालुक्यात केदारखेड्याच्या परिसरात आणि एकूणच जालना जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळी मोठ्या संख्येने झाली. शेततळे खोदताना लांबी, रुंदी, खोली, पन्नीची जाडी आणि अनुदान या सर्वांची चर्चा होते. मात्र तळे भरल्यावर जास्तीचे पाणी कोठून व कसे बाहेर पडेल, याचा विचार बहुधा शेवटी होतो आणि पुष्कळदा होतही नाही. जास्तीच्या पाण्याला बाहेर काढणारी ही वाट म्हणजेच सांडवा. तो निवडताना कोणती दृष्टी ठेवावी, हे सोप्या रीतीने मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

पाणी कमी, मग सांडव्याची चिंता कशाला?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. जालना जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी व मोसंबीच्या बागा जगवण्यासाठी झालेली वणवण येथील लोक विसरलेले नाहीत. ज्या प्रदेशात थेंबाचे मोल आहे, तेथे पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्था चैनीची वाटते. परंतु आपला पाऊस वर्षभर समान पडत नाही. तो थोड्या दिवसांत, त्यातही थोड्या तासांत कोसळतो. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की शासनाच्या व्याख्येनुसार ती अतिवृष्टी ठरते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी मराठवाड्यात जो पाऊस आणला, तो आधीच भरलेल्या तळ्यांवर आणि तुडुंब भिजलेल्या जमिनीवर पडला. सांडव्याची परीक्षा अशाच वेळी होते. जून महिन्यातील पहिल्या सरीत ती होत नाही.

मातीचा बांध पाण्याचा दाब सोसतो, परंतु माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला सोसत नाही. वरून वाहणारा प्रवाह बांधाची बाहेरची बाजू खालून वर कुरतडत नेतो आणि एकदा घळ पडली की ती झपाट्याने वाढते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मोरबीजवळचे मच्छू-२ धरण फुटले, तेव्हा हेच घडले होते. आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा फार मोठा होता आणि पाणी मातीच्या बांधावरून वाहू लागले. शेततळे त्या मानाने लहान असते हे खरे. तरीही ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्यात, बाजूचा उतार १:१ धरल्यास, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते एकदम सुटले तर आपली पन्नी व बांध तर जातोच, शिवाय खालच्या शेजाऱ्याचे उभे पीक आणि वरची सुपीक मातीही जाते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला हे नुकसान भरून काढण्यास अनेक वर्षे लागतात.

प्रथम पाण्याचा हिशेब

सांडवा निवडण्यापूर्वी आपले तळे कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखले पाहिजे. पहिला प्रकार नाल्याचे किंवा शेतातून वाहून येणारे पाणी घेणाऱ्या तळ्याचा. दुसरा प्रकार पन्नी अंथरलेल्या, चारही बाजूंनी उंच बांध असलेल्या आणि विहिरीवरून मोटारीने भरल्या जाणाऱ्या तळ्याचा. दोघांची गरज अगदी वेगळी आहे.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण घेऊ. समजा तळ्यात ५ एकर, म्हणजे सुमारे २ हेक्टर क्षेत्राचे पाणी येते आणि एका तासात ६० मिलिमीटर पाऊस झाला. २ हेक्टरवर ६० मिलिमीटर म्हणजे १,२०० घनमीटर पाणी. जमीन कोरडी असेल आणि त्यातील ४० टक्केच वाहून आले, तर दर सेकंदाला सुमारे १३३ लिटर पाणी तळ्याकडे येईल. काळी माती आधीच्या पावसाने भिजून फुगलेली असेल आणि ७० टक्के पाणी वाहिले, तर हाच आकडा सेकंदाला सुमारे २३३ लिटर होतो. पाऊस तोच, परंतु जमिनीची स्थिती बदलताच प्रवाह जवळपास पावणेदोनपट होतो. म्हणून हिशेब भिजलेल्या जमिनीचा धरावा.

दुसऱ्या प्रकारात बाहेरचे पाणी येत नाही. ३० गुणिले ३० मीटरच्या पृष्ठभागावर जे पडेल तेवढेच. तासाला ७५ मिलिमीटर इतका जोराचा पाऊस धरला तरी सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी जमा होते. त्यात मोटारीचे पाणी मिळवावे लागते. पाणी किती उंचावर चढवायचे आहे यानुसार ५ अश्वशक्तीची मोटार सेकंदाला साधारण ५ ते १० लिटर पाणी देते.

या मोटारीचा धोका आपल्याकडे विशेष आहे. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते आणि अनेकांनी मोटारीला ऑटो स्विच बसविलेला असतो. लाइट गेली की मोटार थांबते आणि आली की कोणीही जवळ नसताना आपोआप सुरू होते. तळे भरलेले आहे की रिकामे, हे मोटारीला कळत नाही. त्या रात्री धनी झोपलेला असतो, वरून पाऊसही सुरू असतो आणि तळ्याचे रक्षण करण्यास सांडव्याशिवाय दुसरे कोणीही नसते.

सांडव्याचे तीन मुख्य प्रकार

पहिला प्रकार खुल्या सांडव्याचा. बांधाच्या एका बाजूला, शक्यतो मूळ कठीण जमिनीत किंवा मुरमात, रुंद व सपाट उंबरा ठेवायचा आणि त्यावरून पाणी वाहू द्यायचे. त्यात हलणारा भाग नाही आणि सहज तुंबणारे तोंडही नाही. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की पाण्याची पातळी थोडी वाढली तरी बाहेर जाणारा प्रवाह त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. एक मीटर रुंदीच्या उंबऱ्यावरून १० सेंटिमीटर उंचीचे पाणी वाहत असेल तर सेकंदाला सुमारे ५४ लिटर जाते. तीच उंची २० सेंटिमीटर झाली तर सुमारे १५२ लिटर आणि ३० सेंटिमीटर झाली तर सुमारे २७९ लिटर. उंची दुप्पट होताच प्रवाह जवळजवळ पावणेतीनपट होतो. संकट वाढेल तशी त्याची शक्ती आपोआप वाढते.

दुसरा प्रकार उभ्या नळीचा. तळ्यात पूर्ण साठ्याच्या पातळीपर्यंत पीव्हीसी पाइप उभा करतात आणि खाली एल्बो जोडून तो बांधातून बाहेर काढतात. पाणी पाइपाच्या तोंडावर आले की आत पडून निघून जाते. हा प्रकार स्वस्त व सुटसुटीत असून पातळी अचूक राखतो. परंतु त्याची मर्यादा ओळखावी. ४ इंची पाइपाच्या तोंडावर १० सेंटिमीटर पाणी चढले तरी, तोंड स्वच्छ असतानाही, खुल्या सांडव्याच्या मानाने फार थोडे पाणी जाते. वरील ५ एकरांच्या उदाहरणात कोरड्या जमिनीच्या प्रवाहासाठीसुद्धा असे अनेक पाइप लागतील. म्हणजे नाल्यावरील तळ्याला एकच पाइप बसवून निश्चिंत राहणे म्हणजे मोठ्या आजारावर घरगुती काढा घेऊन झोपी जाणे होय. पन्नीच्या तळ्याला मात्र असे पाइप उपयोगी पडतात.

पाइप बांधाच्या पोटातून नेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाइप व माती यांच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले तर ते मातीचे कण ओढून नेते आणि बांधाच्या आत पोकळी तयार होते. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, त्यामुळे हा धोका वाढतो. म्हणून पाइपाभोवती काँक्रीटच्या एक-दोन कॉलर द्याव्यात आणि माती थराथराने ओलवून चांगली ठोकावी. पन्नीच्या तळ्यात तर पन्नीला मध्येच भोक पाडण्यापेक्षा पाइप अगदी वरच्या कडेजवळून बाहेर काढणे इष्ट ठरते.

तिसरा प्रकार सायफनचा. बांधावरून उलट्या वाकड्या नळीने पाणी पलीकडे नेतात. नळी एकदा पूर्ण भरली की आतील पाण्याची साखळी तुटत नाही आणि लहान नळीतूनही जोरदार प्रवाह वाहतो. ही कल्पना किरकोळ नाही. छत्तीसगडमधील मुरुमसिल्ली धरणावर १९२३ सालापासून सायफन पद्धतीचे सांडवे आहेत. मात्र सायफनला दोन शत्रू आहेत, हवा आणि विसर. आत हवा शिरली की साखळी तुटते आणि पुन्हा आपोआप जुळेल याची खात्री नसते. उलट तो जुळून चालू राहिला तर थांबायचे विसरतो आणि नळीचे आतले तोंड जेवढे खोल असेल तेथपर्यंत तळे रिकामे करतो. यावर उपाय म्हणून हव्या त्या पातळीवर नळीला एक लहान श्वासछिद्र ठेवतात. पाणी तेथवर उतरताच हवा आत जाते व प्रवाह थांबतो. पण एखादे पान किंवा शेवाळ त्या छिद्रात बसले तर सारा हिशेब बिघडतो. म्हणून सायफन हा साहाय्यक म्हणून चांगला, परंतु एकमेव रक्षक म्हणून नको.

काचेच्या टाकीकडून एक धडा

घरात समुद्री प्रवाळ व मासे पाळणारे शौकीन जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या काचेच्या टाकीखाली दुसरी टाकी असते. वरचे पाणी सांडव्याने खाली येते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. सांडवा तुंबला तर वरची टाकी दिवाणखान्यात सांडते. वीज गेली तर वरचे पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत खाली उतरते आणि खालच्या टाकीत जागा ठेवलेली नसेल तर तीही भरून वाहते. आकार लहान असला तरी ही आपल्या मोटारीच्या तळ्याचीच गोष्ट आहे.

या शौकिनांनी अनुभवातून एक रीत बसविली आहे. ते तीन नळ्या ठेवतात. पहिली पूर्ण भरून सायफनने चालते आणि बहुतेक पाणी नेते. दुसरी थोडी उंच, हवेला मोकळी असून उरलेले थोडे पाणी नेते. तिसरी सर्वांत उंच असते आणि नेहमी कोरडी राहते. पहिल्या दोन्ही तुंबल्या तरच ती वाहते. एरवी काहीही काम न करणारी ही तिसरी नळीच घर वाचवते. विज्ञानाच्या वर्गात काचेची पेटी, दोन-तीन नळ्या व बादली घेऊन हा प्रयोग सहज दाखवता येईल. एका नळीच्या तोंडावर पान ठेवले की मुलांना सांडव्याचे सारे शास्त्र दिसते.

शेततळ्यासाठी यातून निघणारा नियम असा. रोजची वाट कितीही युक्तीची असो, शेवटची वाट साधी, रुंद, उघडी आणि नेहमी कोरडी असावी. तिला वीज लागू नये, कोणी झडप उघडण्याची गरज पडू नये आणि ती पानाने तुंबू नये. खडकवासल्याच्या धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली आपोआप उघडणारी दारे बसविली. पाणी ठरावीक पातळीवर येताच ती दारे उघडत, त्यामुळे एरवी वाहून जाणारे पाणी अडविता आले. ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी होती. परंतु तेथे देखभालीसाठी सरकारी खाते होते. आपल्या शेतावर तसे खाते नसते, म्हणून आपली शेवटची वाट देखभालीवर विसंबलेली नसावी.

निवड आणि मांडणी

नाल्याच्या तळ्यासाठी आमची शिफारस खुल्या सांडव्याची आहे. ५ एकरांच्या वरील उदाहरणात उंबरा दीड मीटर रुंद ठेवल्यास २० सेंटिमीटर उंचीच्या प्रवाहात सेकंदाला सुमारे २२८ लिटर पाणी जाते. भिजलेल्या जमिनीचा आपला आकडा जवळपास तेवढाच आहे. त्यावर आणखी ३० सेंटिमीटर मोकळी उंची धरून बांधाचा माथा उंबऱ्यापेक्षा किमान अर्धा मीटर उंच ठेवावा. शक्य असेल तेथे याहून चांगली युक्ती म्हणजे तळे नाल्याच्या मधोमध न करता बाजूला करावे आणि चरीने पाणी आत घ्यावे. तळे भरले की उरलेला पूर नाल्यानेच पुढे जातो. पाणी आत न घेणे हा सर्वांत निर्धोक सांडवा आहे.

पन्नीच्या तळ्यासाठी ४ इंची दोन पाइप वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवावेत. दुसरा पहिल्यापेक्षा १० सेंटिमीटर उंच असावा आणि तो एरवी कोरडा राहावा. त्याच्याही वर, बांधाच्या एका कोपऱ्यात पन्नीसह थोडा खोलगट, दगडांनी मजबूत केलेला भाग ठेवावा. दोन्ही पाइप बंद पडले तरी पाणी आपण ठरविलेल्या जागेवरूनच बाहेर पडेल.

येथे एक गोष्ट विसरू नये. बांधाचा सर्वांत खोलगट भाग हाच खरा सांडवा असतो, मग आपण तो कोठेही बांधलेला असो. नवीन मातीचा बांध पहिल्या पावसाळ्यात दबतो आणि सगळीकडे सारखा दबत नाही. म्हणून दर वर्षी मृगापूर्वी गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपाने सर्व बांधाची पातळी तपासावी. कोठेही माथा खचलेला आढळला तर माती टाकून ठोकून घ्यावा. उंदीर-घुशींची बिळेही त्याच वेळी बुजवावीत.

मासे आणि जाळी

अनेक शेतकरी तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडतात. मग सांडव्याला जाळी लावावी लागते आणि जाळी लावली की ती तुंबतेच. उपाय असा की जाळी पाइपाच्या तोंडावर चपटी बांधू नये. तिचा मोठा पिंजरा करावा, म्हणजे जाळीचे क्षेत्र तोंडाच्या अनेक पट राहते आणि अर्धी जाळी भरली तरी पाणी जात राहते. शेवटच्या, कोरड्या वाटेवर मात्र बारीक जाळी लावू नये. चार मासे गेले तरी चालतील, बांध जाता कामा नये.

मत्स्यपालनात आणखी एक सुधारणा करता येते. साधी उभी नळी पृष्ठभागाचे, म्हणजे प्राणवायूने समृद्ध असे चांगले पाणी बाहेर टाकते आणि तळाचे घाण पाणी तसेच राहते. ४ इंची नळीभोवती ६ इंची दुसरी नळी उभी करून तिच्या तळाशी खाचा पाडल्या, तर पातळी तीच राहते आणि बाहेर मात्र तळाचे पाणी जाते. बाहेरच्या नळीचे वरचे तोंड उघडे ठेवावे, म्हणजे नकळत सायफन सुरू होणार नाही.

जाळी साफ करण्याचा प्रश्न जिवाशी निगडित आहे. ओल्या पन्नीवर पाय टिकत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर येणे अवघड जाते. म्हणून पाइप व जाळी बांधावर उभे राहून, लांब दांडीच्या आकड्याने साफ करता येईल अशा जागीच बसवावी. कोणालाही, विशेषतः घरातील मुलांना, पावसात तळ्यात उतरावे लागेल अशी रचना मुळीच करू नये. तळ्याला कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर असावाच.

पाणी जाणार कोठे?

सांडव्याचे काम बांधापाशी संपत नाही. बाहेर पडलेले पाणी जेथे आदळते तेथे खड्डा पडतो आणि तो खड्डा मागे सरकत बांधापर्यंत येतो. म्हणून पाणी पडण्याच्या जागी दगडी पिचिंग करावे आणि तेथून गवताळ चरीने ते नैसर्गिक नाल्यापर्यंत न्यावे. आपल्या परिसरातील हे नाले अखेर पूर्णा नदीला मिळतात आणि ते पाणी पुढे येलदरीच्या जलाशयात साठते. आपल्याला नको असलेले पाणी खाली कोणाला तरी हवेच असते.

मात्र ते मधल्या शेजाऱ्याच्या वाफ्यातून जाता कामा नये. तळे खोदण्यापूर्वीच खालच्या शेतकऱ्याला बोलावून चरीची जागा दोघांनी मिळून ठरवावी. पूर आल्यावर होणारी भांडणे कोर्टापर्यंत जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. उन्हाळ्यात बांधावर बसून झालेला अर्ध्या तासाचा विचारविनिमय ती टाळू शकतो. जालना तालुक्यातील कडवंची गावाचे नाव पाणलोट विकासासाठी सर्वदूर झाले. तेथील शेततळी व द्राक्षबागा आपण सर्वांनी ऐकल्या-पाहिल्या आहेत. तेथे १९९६ पासून झालेल्या कामाचा पाया एकट्या शेताचा नसून संपूर्ण पाणलोटाचा होता, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते.

सारांश, पाणी साठविण्याची हौस जेवढी, तेवढीच ते सोडण्याची शिस्तही असावी. हिशेब भिजलेल्या जमिनीचा धरावा, रोजची वाट व शेवटची वाट वेगळी ठेवावी, शेवटची वाट रुंद व कोरडी राखावी, बांधाची पातळी दर वर्षी मोजावी आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाट शेजाऱ्याच्या संमतीने आखावी. या पाच गोष्टींना लागणारा खर्च तळ्याच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या वा पालकांच्या शेतात तळे झाले आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा बांधावरून पूर्ण फेरी मारावी आणि पाणी सर्वप्रथम कोठून बाहेर पडेल, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, एवढी आमची विनंती आहे.